सागाची लागवड, निगा व विरळणीचे महत्त्व

गोमंतकातील व कोकणातील जुन्या घरांच्या चौकटी, तुळया व लाकडी पेट्या पाहिल्या असता, दोन-तीन पिढ्या उलटून गेल्यावरही त्यांतील सागाचे लाकूड किडलेले वा वाकलेले क्वचितच आढळते. या टिकाऊपणामुळेच साग लावण्याची इच्छा अनेक शेतकऱ्यांना होते. परंतु लावलेल्या सागाची स्थिती गावोगाव पाहिल्यास निराळेच चित्र दिसते. पंधरा-वीस वर्षांपूर्वी लावलेली झाडे दाटीने उभी असतात, त्यांची खोडे मनगटाहून थोडीच जाड असतात आणि मालक त्यांच्या वाढीची वाट पाहत असतो. साग एकदा लावला की आपोआप वाढतो, हा समज या निराशेच्या मुळाशी आहे. वस्तुतः सागाचे भवितव्य दोन निर्णयांवर अवलंबून असते. पहिला निर्णय जमिनीच्या निवडीचा व दुसरा योग्य वेळी केलेल्या विरळणीचा होय. या दोन्ही गोष्टींकडे दुर्लक्ष झाल्यास खत, पाणी किंवा महागडी रोपे यांपैकी कशानेही ती उणीव भरून निघत नाही.

साग आणि पश्चिम किनारा

भारत, ब्रह्मदेश, थायलंड व लाओस हे सागाचे मूळ प्रदेश होत. मलयाळम भाषेतील ‘तेक्क’ या शब्दावरून पोर्तुगीजांनी ‘तेका’ हा शब्द घेतला आणि त्यावरूनच ‘टीक’ हे इंग्रजी नाव रूढ झाले. पश्चिम किनाऱ्यावरील आरमारांचा इतिहास या लाकडाशी निगडित आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी साग तोडताना सरकारची आज्ञा घ्यावी आणि रयतेने वर्षानुवर्षे वाढविलेल्या आंब्या-फणसांना मालकाच्या संमतीवाचून हात लावू नये, अशा आशयाची सूचना आहे. नगरहवेलीच्या रानातील सागापासून दमणच्या गोदीत बांधलेले ‘दॉम फर्नांदु द्वितीय इ ग्लोरिया’ हे पोर्तुगीज लढाऊ जहाज १८४३ मध्ये पाण्यात उतरविण्यात आले. १९६३ मध्ये आगीत त्याची मोठी हानी झाली. पुढे १९९० नंतरच्या दशकात त्याची दुरुस्ती करण्यात आली व आज ते लिस्बनसमोरील अल्मादा येथे संग्रहालय म्हणून उभे आहे.

जहाजबांधणीच्या मागणीमुळे रानातील साग झपाट्याने संपू लागला. तेव्हा मलबारचे जिल्हाधिकारी कॉनोली यांनी १८४० नंतरच्या दशकात केरळमधील निलांबूर येथे सागाची पद्धतशीर लागवड सुरू केली. ते काम चातू मेनन या देशी अधिकाऱ्याने प्रत्यक्षात पार पाडले. प्रारंभीच्या प्रयत्नांत बी नीट रुजेना. अनेक प्रयोगांनंतर रोपवाटिकेचे तंत्र हाती आले. त्या काळच्या लागवडीचा काही भाग ‘कॉनोली प्लॉट’ या नावाने आजही राखलेला आहे. साग मनुष्याच्या हाताने वाढविता येतो, परंतु त्यासाठी अभ्यास व सातत्य लागते, हा निलांबूरच्या अनुभवाचा सारांश होय.

वृक्षाची ओळख

साग हा पानगळ होणारा उंच वृक्ष असून चांगल्या जमिनीत त्याची उंची तीस मीटरपर्यंत किंवा त्याहूनही अधिक होते. पूर्वीच्या ग्रंथांत तो निराळ्या कुळात गणला जात असे, परंतु आधुनिक वर्गीकरणानुसार तो तुळशीच्या कुळात मोडतो. त्याची पाने हातभर लांब व खरखरीत असतात. कोवळे पान तळहातावर चोळले असता हात लाल होतो, हे खेड्यातील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. हिवाळ्यापासून पाने गळू लागतात व पावसाळ्याच्या तोंडावर नवी पालवी फुटते. पावसाळ्यात पांढऱ्या बारीक फुलांचे मोठे तुरे येतात आणि थंडीच्या दिवसांत फुग्यासारख्या आवरणातील फळे पक्व होतात.

या वृक्षाचे दोन स्वभाव लागवड करणाराने प्रथम ध्यानात घ्यावेत. एक म्हणजे त्याला भरपूर सूर्यप्रकाश लागतो व दुसऱ्या झाडाची सावली तो सहन करीत नाही. दुसरा स्वभाव असा की, त्याच्या मुळांना साचलेले पाणी चालत नाही. पुढील सर्व सूचना या दोन स्वभावांतूनच निघतात.

जमीन व हवामान

सुमारे १,२०० ते २,५०० मिलिमीटर पाऊस आणि त्यानंतर तीन ते पाच महिन्यांचा कोरडा काळ हे हवामान सागाला विशेष मानवते. गोव्यात पाऊस याहून अधिक, सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. तथापि पाण्याचा निचरा उत्तम असल्यास येथेही साग चांगला वाढतो. म्हणून गोव्यात व लगतच्या घाटपट्ट्यात जमिनीची पारख करताना प्रथम निचरा पाहावा.

खोल, भुसभुशीत, गाळाची किंवा डोंगरउताराच्या पायथ्याची माती सागासाठी उत्तम होय. आम्लता फार नसलेली व चुन्याचा अंश असलेली जमीन त्याला मानवते. याउलट जांभ्या दगडाच्या सड्यावर, जेथे वीतभर मातीखाली कातळ लागतो, तेथे साग लावणे व्यर्थ आहे. अशा ठिकाणी रोप पहिली दोन-तीन वर्षे तग धरते, परंतु सोटमूळ कातळाला अडताच वाढ थांबते आणि झाड खुरटे व वाकडे राहते. सड्याच्या जागी काजू अधिक योग्य होय. खाजन शेतीची खारट, पाणथळ जमीन व भाताची सखल खाचरे हीही सागासाठी वर्ज्य समजावीत. मरड जमिनीचे उंच बांध, कुळागराच्या वरच्या अंगाचा मातीचा उतार व ओढ्याकाठची निचऱ्याची जागा मात्र उपयोगी पडते.

जमिनीची परीक्षा करण्यास प्रयोगशाळाच हवी असे नाही. उन्हाळ्यात दोन-तीन ठिकाणी मीटरभर खोल खड्डे घ्यावेत. कातळ किंवा घट्ट चिकणमातीचा थर लागला तर ती जागा सोडावी. पहिल्या मोठ्या पावसानंतर त्याच खड्ड्यांत पाणी किती वेळ साचून राहते तेही पाहावे. पाऊस उघडल्यावर एक-दोन दिवसांत पाणी जिरले नाही, तर ती जमीन सागाची नव्हे.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. जेथे आईन म्हणजे गोव्याचा राज्यवृक्ष माट्टी, किंदळ, नाणा यांसारख्या वृक्षांचे मिश्र रान आधीच उभे आहे, ते तोडून साग लावणे हिताचे नाही. सागाच्या रुंद पानांवर पावसाचे पाणी एकवटून मोठे थेंब होतात व उंचावरून उघड्या मातीवर आदळतात. उतारावर केवळ सागच असेल आणि खाली झुडूप व पालापाचोळा नसेल, तर माती वेगाने धुपते. म्हणून उतारावरील लागवडीत खालचे गवत व झुडपे मुळासकट उपटून टाकू नयेत, पाचोळा जाळू नये आणि अधूनमधून शिवण, किंदळ यांसारखी झाडेही राखावीत.

बी व रोपवाटिका

बी सरळ, उंच, निरोगी व वयाने परिपक्व अशा झाडांखालचेच गोळा करावे. वाकड्या किंवा लहान वयात फांद्या फुटलेल्या झाडाचे बी सहज मिळते म्हणून घेऊ नये. फळाचा आकार लहान-मोठा असल्याने एका किलोत साधारणपणे एक ते तीन हजार फळे भरतात. फळाचे कवच अतिशय कठीण असल्यामुळे उगवण कमी व अनियमित होते. काही बिया दोन आठवड्यांत रुजतात, तर काही पुढल्या वर्षीच्या पावसात अंकुरतात. यासाठी फळे रात्रभर पाण्यात भिजवून दिवसभर कडक उन्हात वाळवावीत व ही क्रिया आठ ते पंधरा दिवस चालू ठेवावी. ओल व ऊन यांच्या आलटूनपालटून होणाऱ्या परिणामाने कवच सैल होते.

गादीवाफे सुमारे ३० सेंटिमीटर उंचीचे करावेत व बी एप्रिल-मे महिन्यांत पेरावे. रोपे उगवल्यावर दाटी कमी करून दोन रोपांत दहा-पंधरा सेंटिमीटर अंतर राखावे. वर्षभरात रोपाचे खोड जमिनीलगत अंगठ्याएवढे जाड होते. असे रोप उपटून त्याची ‘जडी’ तयार करतात. वरचे खोड दोन-तीन सेंटिमीटर ठेवून छाटावे, सोटमूळ पंधरा ते वीस सेंटिमीटर ठेवावे व बाजूची तंतुमुळे काढून टाकावीत. छाटणी धारदार कोयत्याने करावी, जेणेकरून साल सोलली जाणार नाही. जड्या वाहून नेण्यास सोप्या व स्वस्त असतात आणि ओलसर पोत्यात किंवा वाळूत काही दिवस टिकतात.

ऊतिसंवर्धनाने तयार केलेली रोपेही आता बाजारात मिळतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी जुन्या सागवृक्षापासून या पद्धतीने रोपे तयार करण्याचे तंत्र १९८० मध्ये प्रसिद्ध केले होते. उत्तम मातृवृक्षापासून घेतलेल्या अशा रोपांची वाढ एकसारखी असते, हा त्यांचा लाभ होय. परंतु रोप कोणत्याही पद्धतीचे असले तरी अयोग्य जमीन व दाटी यांचा परिणाम त्यावर तेवढाच होतो.

लागवड

मृगाचा पहिला समाधानकारक पाऊस होऊन माती खोलवर भिजली की लागवड करावी. जडी लावण्यासाठी पहारेने भोक पाडून त्यात जडी सरळ उभी ठेवावी व तिचा वरचा भाग जमिनीच्या पातळीशी येईल असे पाहावे. नंतर बाजूची माती पहारेने घट्ट दाबावी. मुळाच्या टोकाखाली पोकळी राहिल्यास तेथे पाणी साचून जडी कुजते. पिशवीतील रोपांसाठी मात्र ३० ते ४५ सेंटिमीटर लांबी, रुंदी व खोलीचे खड्डे उन्हाळ्यातच घेऊन ठेवावेत व त्यांत मातीबरोबर कुजलेले शेणखत भरावे.

सलग लागवडीत दोन्ही बाजूंनी दोन मीटर अंतर ठेवण्याची पद्धत रूढ आहे. या हिशेबाने हेक्टरी २,५०० झाडे बसतात. प्रारंभी झाडे जवळ असल्याने ती प्रकाशासाठी सरळ वर चढतात व बाजूच्या फांद्या कमी फुटतात. मात्र ही दाटी तात्पुरती असते, याचा विसर पडता कामा नये. बांधावर लावावयाचे असल्यास एकच ओळ घ्यावी व दोन झाडांत अडीच ते तीन मीटर अंतर ठेवावे. पिकाच्या बाजूने चर खणून ठेवल्यास मुळांचा उपद्रव कमी होतो.

पहिली पाच वर्षे

पहिली दोन-तीन वर्षे रोपाभोवतीचे गवत व वेली काढणे हे सर्वांत महत्त्वाचे काम असते. पावसाळ्यात दोनदा व पावसाळा संपताना एकदा बेणणी करावी. जडीतून अनेक फुटवे आले, तर त्यांतील एक जोमदार व सरळ फुटवा राखून उरलेले कोवळे असतानाच खुडावेत. गुरे सागाची पाने सहसा खात नाहीत, परंतु त्यांच्या पायदळी रोपे मोडतात. म्हणून कुंपण आवश्यक असते.

खोडाच्या खालच्या भागावरील फांद्या बोटाएवढ्या असतानाच खोडालगत काढाव्यात. जाड झालेली फांदी तोडल्यास ती जखम भरण्यास वर्षे लागतात व लाकडात गाठ राहते. एका वेळी झाडाच्या निम्म्याहून अधिक उंचीपर्यंत फांद्या कधीही काढू नयेत. राबासाठी किंवा इरल्यांसाठी दरवर्षी शेंडा व फांद्या ओरबाडल्या गेल्यास खोड दुभंगते व इमारतीच्या उपयोगाचे राहत नाही.

विरळणी

चौथ्या-पाचव्या वर्षी शेजारच्या झाडांचे माथे एकमेकांना भिडतात. येथून पुढे प्रत्येक झाड दुसऱ्याचा प्रकाश व अन्न हिरावू लागते. म्हणून याच वेळी पहिली विरळणी करावी. चौरस पद्धतीने लावलेल्या सागात तिरक्या ओळी धरून एकाआड एक ओळ काढल्यास २,५०० पैकी १,२५० झाडे उरतात. आठव्या ते दहाव्या वर्षी दुसरी विरळणी करून पुन्हा निम्मी झाडे काढली की दोन झाडांतील अंतर चार मीटर होते व हेक्टरी ६२५ झाडे राहतात. त्यानंतरच्या विरळण्या ओळीने न करता झाड पाहून कराव्यात. वाकडी, दुभंगलेली, रोगट व मागे पडलेली झाडे आधी काढावीत आणि उत्तम झाडांच्या माथ्याला चोहोबाजूंनी मोकळी जागा द्यावी. केरळमध्ये अशा विरळण्या ठरावीक वर्षांनी करीत जाऊन अंतिम तोड पन्नास ते सत्तर वर्षांच्या दरम्यान करण्याची पद्धत आहे.

हाताने वाढविलेले झाड तोडताना शेतकऱ्याचा जीव कचरतो, हे स्वाभाविक आहे. परंतु हिशेब काय सांगतो ते पाहावे. समजा, दोन शेजाऱ्यांनी सारख्याच जमिनीत एकाच वर्षी साग लावला. एकाने विरळणी केली नाही व त्याच्या झाडांचा घेर ६० सेंटिमीटर झाला. दुसऱ्याने वेळेवर विरळणी केली व त्याच्या झाडांचा घेर १२० सेंटिमीटर झाला. घेर दुप्पट झाला म्हणजे लाकूडही दुप्पटच झाले, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात खोडाच्या कापाचे क्षेत्र चौपट होते. शिवाय साल व बाहेरचा फिकट, कच्चा भाग मिळून तीन सेंटिमीटर जाडीचा धरला, तर ६० सेंटिमीटर घेराच्या झाडात आतला पक्का गाभा निम्म्याहूनही कमी असतो, तर १२० सेंटिमीटर घेराच्या झाडात तो सुमारे सत्तर टक्के भरतो. म्हणजे सारख्याच लांबीच्या ओंडक्यात मोठ्या झाडापासून मिळणारा गाभा लहान झाडाच्या सहापट होतो. बाजारात किंमत मिळते ती याच गाभ्याला आणि ओंडक्याच्या जाडी, लांबी व सरळपणाला. विरळणीत निघालेली झाडेही वाया जात नाहीत. कुंपण, मांडव व लहान वासे यांसाठी त्यांचा उपयोग होतो व मधल्या काळात थोडे उत्पन्नही हाती येते.

विरळणीस फार उशीर झाल्यासही हानी होते. दाटीत वाढलेल्या झाडांचा माथा लहान राहतो. अशा झाडांना एकदम मोकळे केले तर ती वाऱ्याने वाकतात व खोडावर जागोजागी धुमारे फुटतात. म्हणून उशिराची विरळणी थोडी थोडी करून दोन-तीन टप्प्यांत करावी.

घाईची तोड

सागाचे लाकूड वाळवीला दाद देत नाही, ही ख्याती त्याच्या पक्व गाभ्याची आहे. गाभ्यातील नैसर्गिक द्रव्यांमुळे वाळवी व बुरशी यांना प्रतिकार होतो. बाहेरच्या फिकट लाकडात ही शक्ती नसते. कोवळ्या सागात फिकट भागच जास्त असल्यामुळे पंधरा वर्षांच्या झाडाची चौकट साठ वर्षांच्या झाडाच्या चौकटीप्रमाणे टिकेल, ही अपेक्षा चुकीची आहे.

१९९० नंतरच्या दशकात सागाच्या मळ्यांत पैसे गुंतवावेत, वीस वर्षांत ते अनेक पटींनी परत मिळतील, अशा जाहिराती देशभर झाल्या. अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांनी व शेतकऱ्यांनी आपली पुंजी त्यांत घातली व पुष्कळांचे पैसे बुडाले. अशा सामूहिक गुंतवणुकीच्या योजनांसाठी १९९९ मध्ये भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाने नियम लागू केले. त्या जाहिरातींतील आकडे उत्तम जमिनीतील निवडक जुन्या झाडांच्या आधारे मांडलेले असत आणि ते कोणत्याही माळरानावरील कोवळ्या लागवडीला लावले जात. सागाचे उत्पन्न मिळते हे खरे, परंतु ते जमिनीच्या कुवतीनुसार व कालावधीनुसारच मिळते. म्हणून घरखर्चाची सर्व जमीन सागाखाली घालू नये. बांध, पडीक उतार व कडेची जागा यांसाठीच सागाची योजना करावी.

कीड, बांडगूळ व वणवा

सागावर दोन प्रकारच्या अळ्यांचा प्रादुर्भाव मुख्यत्वे होतो. पहिली अळी पावसाळ्याच्या आरंभी कोवळी पालवी फस्त करते. दुसरी पावसाळ्याच्या उत्तरार्धात पानाचा मऊ भाग खाऊन शिरांची केवळ जाळी शिल्लक ठेवते. झाड सहसा मरत नाही, म्हणून या हानीकडे दुर्लक्ष होते. तथापि निलांबूर येथे केरळ वन संशोधन संस्थेने केलेल्या अभ्यासात पालवी खाणाऱ्या अळीमुळे कोवळ्या लागवडीतील लाकडाची संभाव्य वाढ सुमारे ४४ टक्क्यांनी घटल्याचे आढळून आले. उंच झाडांवर विषारी औषधे फवारणे खर्चाचे असून पक्षी, मधमाश्या व पाणवठे यांना अपायकारक आहे. लागवडीत इतर झाडे राखून पक्षी व परोपजीवी कीटक यांना आश्रय देणे हा अधिक हितावह मार्ग होय. रोपवाटिकेत अळ्या वेचणे व निंबोळी अर्काची फवारणी करणे पुरेसे होते.

बांडगूळ दिसताच त्याला फळे येण्यापूर्वी ती फांदी बांडगुळाच्या खालून तोडावी. पक्षी त्याची फळे खाऊन बी दुसऱ्या झाडावर नेतात, म्हणून एकट्या मालकाने केलेले काम अपुरे पडते. शेजाऱ्यांनी मिळून ते केले पाहिजे.

वणवा लागला तरी सागाचे झाड बुंध्यातून पुन्हा फुटते. यावरून आगीने त्याचे काही बिघडत नाही असा समज झाला आहे. परंतु भाजलेल्या सालीतून बुरशी शिरते, खोड पोकळ होते आणि हा दोष तोडीच्या दिवशीच उघडकीस येतो. काजूच्या बागेत झुडपे जाळताना आग शेजारच्या रानात शिरते, हा अनुभव नवा नाही. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यासह गोव्याच्या अनेक भागांत लागलेले वणवे सर्वांच्या स्मरणात असतील. जानेवारी-फेब्रुवारीतच लागवडीभोवती तीन-चार मीटर रुंदीचा पट्टा झाडून साफ ठेवावा.

कागदपत्रे व तोडीची परवानगी

खाजगी जमिनीतील झाड तोडण्यासाठीही गोव्यात १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते व तोडलेल्या झाडांच्या मोबदल्यात नवी झाडे लावण्याची जबाबदारी मालकावर असते. महाराष्ट्रात १९६४ च्या कायद्याने खाजगी जागेतील वृक्षतोडीचे नियमन होते. लाकूड वाहून नेण्यासंबंधीचे नियम वनखात्याच्या जवळच्या कार्यालयात आधी समजून घ्यावेत.

परवानगीच्या वेळी जमीन कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न हमखास उद्भवतो. आजोबांनी लावलेला साग सामाईक बांधावर असतो, वाटण्या झालेल्या नसतात, उताऱ्यावर भलतेच नाव असते आणि तोडीस आलेली झाडे भांडणात उभी राहतात. म्हणून लागवडीपूर्वीच एक-चौदाचा उतारा काढून पाहावा, सीमेचे दगड तपासावेत, शेजाऱ्यांशी बोलणे करावे आणि झाडे सीमेपासून दोन-तीन मीटर आत लावावीत. कूळ म्हणून जमीन कसणाऱ्याने झाडांवरील हक्कासंबंधी लेखी स्पष्टता करून घ्यावी.

नोंदवही

प्रत्येक लागवडीची एक वही ठेवावी. लागवडीचे वर्ष, बी किंवा रोप कोठून आणले, किती झाडे जगली, विरळणी केव्हा केली व किती झाडे काढली, याची नोंद तीत असावी. दरवर्षी पावसाळा संपल्यावर दहा ठरावीक झाडांचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर दोरीने किंवा टेपने मोजून लिहावा. या उंचीलाच घेर मोजण्याची वनखात्याची रीत आहे. घेरातील वार्षिक वाढ दोन वर्षे सतत घटली, तर विरळणीची वेळ आली असे समजावे.

ग्रामीण शाळांतील शिक्षकांना हे काम विद्यार्थ्यांकडून सहज करवून घेता येईल. घेरावरून व्यास व व्यासावरून क्षेत्रफळ काढण्याचे गणित मुले प्रत्यक्ष झाडावर शिकतील आणि गावाजवळ दहा-वीस वर्षांच्या विश्वसनीय नोंदी तयार होतील. साग लावणाऱ्याच्या हातून त्याची तोड बहुधा होत नाही, ती पुढची पिढी करते. ती पिढी आज शाळेत असल्यामुळे झाडाबरोबरच त्याची वहीही तिच्या हाती सोपविणे इष्ट होय.